इंजिनाखालचे रबर

"थ्री सिलिंडर गाडी आहे, एवढी हलणारच." लहान गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेलेल्या बहुतेक मालकांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेले असते. तक्रार साधी असते. सिग्नलला उभे असताना स्टिअरिंग थरथरते, एसी लावला की आरशातली मागची गाडी धूसर दिसू लागते, रिव्हर्स टाकताना खालून ठक्क असा आवाज येतो. त्यावर मिळणारे हे उत्तर अर्धे खरे असते आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते खपून जाते. तीन सिलिंडरचे इंजिन चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा जास्त हलते, यात शंका नाही. पण हीच गाडी नवी होती तेव्हा एवढी हलत नव्हती, हेही मालकाला पक्के आठवत असते. तेव्हाही इंजिनात तीनच सिलिंडर होते. मधल्या काळात म्हातारे झाले ते इंजिन आणि बॉडी यांच्यामधले रबर.

या रबराच्या भागाला कंपनीच्या कागदावर इंजिन माउंटिंग म्हणतात आणि गॅरेजमध्ये फाउंडेशन. सर्व्हिसच्या पुस्तिकेत ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, कूलंट यांच्यापुढे किलोमीटरचे आकडे छापलेले असतात. फाउंडेशनपुढे असा आकडा बहुधा नसतो आणि तसा तो देताही येत नाही. विदर्भाच्या उन्हात उभी राहणारी गाडी, मुंबईच्या गर्दीत दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणारी गाडी आणि पुण्याहून आठवड्यातून एकदा एक्सप्रेस वेवर धावणारी गाडी, या तिघींची रबरे एकाच वेळी संपत नाहीत. पण आकडा नाही म्हणून हा भाग कुणाच्याच यादीत येत नाही. तो बिघडतोही इतका हळूहळू, की रोज गाडी चालवणाऱ्याला फरक जाणवत नाही. मग एके दिवशी सायलेन्सरचा पुढचा पाइप तडकतो किंवा एक्सलचा बूट फाटतो आणि खर्च भलत्याच खात्यावर पडतो.

फाउंडेशन म्हणजे आरामासाठी घातलेली गादी, असा एक समज आहे. तो बाजूला ठेवायला हवा. या रबराला तीन कामे एकदम करावी लागतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे वजन पेलायचे, इंजिनाची थरथर बॉडीत जाऊ द्यायची नाही आणि गाडी ओढताना इंजिन जो उलटा पीळ घेते तो रोखून धरायचा. पहिल्या आणि तिसऱ्या कामासाठी रबर कडक हवे, दुसऱ्यासाठी मऊ. हा झगडा कोणत्याही रबराने पुरता सुटत नाही. चांगला अभियंता त्यात फक्त नेमकी तडजोड साधतो.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात बऱ्याच गाड्यांत इंजिन थेट सांगाड्याला आवळलेले असे आणि त्याची सगळी थरथर प्रवाशाच्या हाडांपर्यंत पोचे. अमेरिकेत १९३१ साली क्रायसलर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर तोलण्याची नवी पद्धत आणली. इंजिन आपल्या वजनाच्या मध्याभोवती ज्या अक्षावर आपसूक डोलू पाहते, तो अक्ष शोधून त्याच रेषेवर रबराचे आधार द्यायचे, ही त्यामागची कल्पना. चार सिलिंडरची गाडी आठ सिलिंडरच्या गाडीसारखी वाटू लागली, अशी जाहिरात कंपनीने केली. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएनने या पद्धतीचा परवाना घेतला. आज आपल्या लहान गाड्यांच्या बोनेटखाली जे आधार दिसतात, ते याच विचाराच्या वंशातले.

आपल्याकडे या भागावरचा भार खऱ्या अर्थाने बदलला तो १४ डिसेंबर १९८३ नंतर. त्या दिवशी मारुती ८०० ची पहिली चावी ग्राहकाच्या हाती पडली. त्याआधीची आपली ओळखीची लहान गाडी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी. तिचे इंजिन चार सिलिंडरचे, गाडीच्या लांबीच्या दिशेने उभे बसवलेले, आणि ताकद जायची ती लांब शाफ्टवरून मागच्या चाकांना. मारुतीचे ७९६ सीसीचे इंजिन तीन सिलिंडरचे, आडवे बसवलेले, पुढची चाके ओढणारे. हा फरक वरवर जागेच्या बचतीचा वाटतो, पण फाउंडेशनच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

पद्मिनीसारख्या गाडीत ताकदीची शेवटची गुणाकाराची पायरी मागच्या डिफरन्शियलमध्ये होत असे. त्या पायरीचा उलटा धक्का मागचा एक्सल आणि त्याचे पाटे सोसत. इंजिनाच्या रबरापर्यंत तो येत नसे. आडव्या इंजिनाच्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल हे सगळे एकाच गाठोड्यात असते. चाकांना जेवढा पीळ मिळतो, तेवढाच उलटा पीळ या गाठोड्याला बसतो. हजार सीसीच्या साध्या पेट्रोल गाडीचा कमाल टॉर्क ९० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पहिल्या गिअरमध्ये, डिफरन्शियलसह, तो बारा ते चौदा पट होतो. म्हणजे हजार-बाराशे न्यूटन-मीटर. फाउंडेशन अक्षापासून अर्ध्या मीटरवर असेल, तर त्याच्या वाट्याला दोन-अडीचशे किलो वजन टांगल्याइतका हिसका येतो. आंबोलीच्या चढावर भरलेली गाडी थांबवून पुन्हा उचलताना, किंवा क्लच झटक्यात सोडताना, हा हिसका मुठीएवढे रबर घेत असते.

आता थरथरीकडे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, तीन सिलिंडरच्या इंजिनात दीड. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरमध्ये सेकंदाला सुमारे २७ धक्के बसतात, तीन सिलिंडरमध्ये २०. कमी धक्के म्हणजे कमी त्रास, असे वाटेल. गणित उलटे आहे. रबरावर बसवलेल्या इंजिनाची स्वतःची डोलण्याची एक गती असते. येणारे धक्के त्या गतीच्या साधारण १.४ पटीहून वेगवान असतील तरच रबर ते अडवू लागते. त्याहून संथ असतील तर ते उलट वाढवते. म्हणून २७ धक्क्यांच्या इंजिनाला सेकंदाला १९ च्या खालची गती चालते, २० धक्क्यांच्या इंजिनाला मात्र १४ च्या खाली यावे लागते. तेवढ्याच वजनाच्या इंजिनासाठी त्याचा अर्थ असा, की रबराचा कडकपणा जवळजवळ निम्म्यावर आणायला हवा. त्यात तीन सिलिंडरचे इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सी-सॉसारखे झुलू पाहते, ते वेगळेच. एसी लावला की कॉम्प्रेसरचा भार वाढतो, प्रत्येक स्फोटाला जास्त जोर लावावा लागतो आणि थरथर आणखी उमटते.

याचा निष्कर्ष गॅरेजमधल्या त्या वाक्याच्या उलट निघतो. तीन सिलिंडरच्या गाडीत रबर मऊ ठेवावे लागते, म्हणून ते जास्त ताणले जाते. आणि वयाने ते थोडेसे जरी कडक झाले तरी त्याची अडवण्याची मर्यादा लगेच ओलांडली जाते. चार सिलिंडरच्या गाडीत जे रबर आणखी वर्षभर खपले असते, ते इथे खपत नाही. वॅगन आर, सेलेरियो, क्विड, टियागो अशा तीन सिलिंडरच्या गाड्या आज रस्त्यावर मोठ्या संख्येने आहेत. थरथर हा त्या गाड्यांचा स्वभाव मानून सोडून देण्यापेक्षा फाउंडेशन आधी तपासणे हेच या गाड्यांच्या बाबतीत जास्त गरजेचे आहे.

रबर मरते कसे, हे पाहिले की ते कसे जपायचे तेही कळते. फाउंडेशनमध्ये बहुधा नैसर्गिक रबर वापरतात, कारण पुन्हापुन्हा ताणले जाण्याचा मार सोसण्यात त्याचा हात धरणारे रबर क्वचित. पण त्याचे तीन वैरी आहेत: उष्णता, हवेतला ओझोन आणि तेल. उष्णतेने ते हळूहळू कडक होते. ओझोनने ताणलेल्या पृष्ठभागावर आडव्या बारीक भेगा पडतात. तेलाने मात्र ते फुगते, चिकट होते, बोट दाबले तर लोण्यासारखे दबते आणि मग लोखंडी पत्र्यापासून सुटते. टॅपेट कव्हरचे पॅकिंग गळत असेल तर तेल इंजिनाच्या अंगावरून ओघळत नेमके टायमिंग चेनच्या बाजूच्या फाउंडेशनवर येऊ शकते. अशा गाडीत पॅकिंग न बदलता नवे फाउंडेशन बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

तेलाचा आणखी एक स्रोत आपण स्वतःच्या हाताने लावतो. पावसाळ्याच्या तोंडावर गाडीच्या खालच्या भागावर डिझेल किंवा जुने ऑइल फवारून घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. काही वॉशिंग सेंटरवर इंजिनही डिझेलने धुऊन चकचकीत करून देतात. पत्र्याला गंज लागू नये हा हेतू समजण्यासारखा आहे, पण तो फवारा रबर आणि लोखंड पाहून पडत नाही. फाउंडेशन, सस्पेन्शनचे बुश, एक्सलचे बूट सगळे त्यात भिजतात. ही रीत आता सोडून द्यायला हवी. गंजाची भीती असेल तर खालच्या पत्र्यावर त्यासाठीच बनवलेले कोटिंग रबराचे भाग झाकून घेऊन मारता येते. इंजिन धुवायचे असेल तर थोडे पाणी आणि सौम्य शाम्पू पुरतो.

काही गाड्यांत, विशेषतः मोठ्या आणि डिझेल गाड्यांत, नुसत्या रबराऐवजी आत द्रव भरलेले फाउंडेशन असते. आत दोन कप्पे आणि त्यांना जोडणारी अरुंद वाट. इंजिन हलले की द्रव इकडून तिकडे जातो आणि हिसका जिरवतो. हे फुटले की द्रव गळून जातो आणि खाली काळपट ओघळ दिसतो. त्याला दुरुस्ती नाही, बदलणे एवढेच.

थरथर आहे म्हणजे फाउंडेशनच गेले, असे धरून चालणे ही दुसऱ्या टोकाची चूक. आमच्या मते खरे नुकसान इथेच होते. एखाद्या सिलिंडरचा प्लग किंवा कॉइल खराब झाली, तर तीनपैकी दोनच सिलिंडर काम करतात आणि गाडी अशी हलते की कुणालाही फाउंडेशनची शंका यावी. ही थरथर अनियमित असते, चढावर पिकअप पडतो, पुष्कळदा चेक इंजिनचा दिवाही लागतो. मिस्त्री याला "मिसिंग" म्हणतात आणि चांगला मिस्त्री ते कानाने ओळखतो. नाही ओळखले तर स्कॅनर सांगतो. थ्रॉटल बॉडीत काजळी साचली तर इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा खाली येतात आणि धडधाकट रबरावरही गाडी थरथरू लागते. फाउंडेशनची थरथर बहुधा एकसारखी असते. अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून रेस तीन-चारशे फेऱ्यांनी वाढवली की ती विरते, आणि सोडला की परत येते.

क्लचचे प्रकरण जास्त महागात पडते. पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना धडधड होते आणि निदान होते क्लच प्लेटचे. गिअरबॉक्स उतरतो, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळे नवे पडते, काही हजार खर्च होतात, आणि गाडी तशीच धडधडते. क्लच पकडताना जो पीळ पडतो तो टॉर्क रॉडने, म्हणजे इंजिनाच्या मागे-खाली असणाऱ्या रबरी आधाराच्या दांड्याने, धरायचा असतो. त्याचे रबर गेलेले असेल तर इंजिन मागे-पुढे डोलते, डोलताना क्लच सुटतो-धरतो आणि धडधड चालूच राहते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. गिअरबॉक्स उतरवण्याआधी टॉर्क रॉडला टॉमी लावून हलवून पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

ठक्क या आवाजाचेही तसेच आहे. रिव्हर्स टाकून क्लच सोडताना एकदाच येणारा, पुढच्या गिअरमध्ये निघताना पुन्हा एकदा येणारा आवाज फाउंडेशनकडे बोट दाखवतो, कारण पिळाची दिशा बदलली की सैल झालेले इंजिन एका अंगावरून दुसऱ्या अंगावर पडते. खड्ड्यांवर सतत येणारा आवाज सस्पेन्शनचा असण्याची शक्यता जास्त. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कट-कट वाजत असेल तर तो एक्सलच्या सांध्याचा. एवढा फरक मालकाने नीट सांगितला तरी मिस्त्रीचे निम्मे काम होते.

तपासणी अशी करतात. गाडी सपाट जागी उभी करायची, मागच्या चाकांना अडण लावायची, हँडब्रेक ओढायचा, बोनेट उघडायचे. एकाने गाडीत बसून ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी हलकेच, इंजिन जेमतेम ओढू लागेपर्यंत सोडायचा. मग तसाच रिव्हर्समध्ये. दुसऱ्याने बाजूला उभे राहून इंजिनाकडे पाहायचे. समोर किंवा मागे कुणीही उभे राहायचे नाही. ब्रेकवरचा पाय निसटला तर गाडी त्या माणसावरच जाते. चांगल्या गाडीत इंजिन थोडे कलते आणि परत जागेवर येते. रबर गेलेले असेल तर ते उचलल्यासारखे उठते आणि आपटते. मग इंजिन बंद करून टॉर्च घेऊन प्रत्येक फाउंडेशन पाहायचे. रबराच्या पृष्ठभागावरच्या केसाएवढ्या भेगा वयाच्या असतात आणि त्या एकट्या पाहून घाबरायचे कारण नाही. रबर आणि लोखंडी नळी यांच्यामध्ये नखाने उचलता येईल अशी फट आहे का, हे महत्त्वाचे. मधली लोखंडी नळी वर्तुळाच्या मध्याऐवजी खाली बसली आहे का, तेही. आणि जिथे इंजिनाचे ब्रॅकेट थांबायला हवे तिथला लोखंडी थांबा घासून पांढरा चकचकीत झाला असेल, तर लोखंडावर लोखंड आपटत आहे. त्या अवस्थेत रबर असून नसल्यासारखे असते आणि थरथर सरळ बॉडीत शिरते.

सेकंड हँड गाडी घेणाऱ्याने ही तपासणी जरूर करावी. गाडी थंड असताना चालू करायची, एसी लावायचा आणि दार बंद करून स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचे. व्यवहार मोडायला हे कारण पुरेसे नाही, पण भाव करायला आहे.

एक फाउंडेशन गेले तरी गाडी चालते, म्हणून ते लांबणीवर पडते. या काळात त्याचा भार उरलेली दोन घेतात आणि तीही वेळेआधी थकतात. इंजिन जास्त हलू लागले की त्याला बांधलेल्या प्रत्येक गोष्टीला ओढ बसते: सायलेन्सरचा पुढचा लवचिक पाइप, रेडिएटरच्या नळ्या, गिअरच्या केबल, वायरिंग, एक्सलचे सांधे. यांतल्या कुठल्याही एका दुरुस्तीचे बिल फाउंडेशनच्या किमतीशी ताडून पाहावे. लहान पेट्रोल गाडीत फाउंडेशन ही बहुधा स्वस्त बाब असते.

बदलण्याचे काम अवघड नाही, पण ते शिस्तीचे आहे. बहुतेक लहान गाड्यांत टायमिंग चेनच्या बाजूला एक, गिअरबॉक्सवर एक आणि मागे-खाली टॉर्क रॉड किंवा तिसरे फाउंडेशन असते. काढायचे ते एका वेळी एकच. आधी इंजिनाला वरून आडव्या दांड्याने तोलायचे किंवा खालून जॅक द्यायचा. खालून जॅक देताना तो थेट ऑइलच्या चेंबरला लावला तर पातळ पत्रा आत दबतो. चेंबरच्या तळाशी ऑइल ओढणारी जाळी तळापासून अगदी थोड्या अंतरावर असते. पत्रा दबून तिला टेकला की इंजिनाला ऑइल कमी पोचते, आणि फाउंडेशन बदलायला गेलेली गाडी काही महिन्यांनी इंजिनाच्या कामाला येते. म्हणून चेंबर आणि जॅक यांच्यामध्ये रुंद, जाड लाकडी फळी हवी आणि इंजिन उचलायचे ते फाउंडेशनवरचे वजन जेमतेम सुटेल इतपतच. जास्त उचलले तर नळ्या आणि एक्सल ताणले जातात. गाडीखाली जायचे असेल तर ती पक्क्या स्टँडवर हवी. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

खरी चूक होते ती आवळताना. नवे फाउंडेशन बसले, की बोल्ट आधी हाताने आट्यात धरायचे. हाताने चार-पाच फेरे सहज गेले नाहीत, तर बोल्ट तिरका चढतो आहे, तिथेच थांबायचे. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये तिरका बोल्ट एअर गनने आत घातला की आटे जातात आणि छोट्या कामाचे मोठे काम होते. सगळे बोल्ट सैल लागल्यावर जॅक उतरवून इंजिन आपल्या वजनाने बसू द्यायचे, दोन-चार वेळा हलवून त्याला त्याची जागा घेऊ द्यायची आणि मगच आवळायचे. टॉर्क रॉडचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना. रबराची नळी बोल्टने ज्या स्थितीत आवळली जाते, ती स्थिती त्या रबराला विसाव्याची वाटते. इंजिन लटकलेले किंवा वाकडे असताना आवळले, तर रबर कायमचे पिळलेले राहते. अशी गाडी नवे फाउंडेशन घालूनही थरथरते, मालक भागाला दोष देतो आणि भाग चांगला असतो. हे टाळायला कोणतेही जादा यंत्र लागत नाही, फक्त क्रम पाळावा लागतो.

आवळण्याचा जोरही ठरलेला असतो आणि तो गाडीगणिक, बोल्टगणिक वेगळा असतो. त्यासाठी टॉर्क पाना लागतो. काही गाड्यांत हे बोल्ट किंवा नट एकदा काढल्यावर पुन्हा वापरायचे नसतात.

सगळी फाउंडेशन एकदम बदलावीत का, यावर गॅरेजमध्ये दोन पक्ष असतात. एक म्हणतो, गेले तेवढेच बदला. दुसरा म्हणतो, सेटच टाका. आम्हाला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे सरसकट पटत नाही. तेल गळून एकच फाउंडेशन फुगले असेल आणि बाकीची तपासून चांगली निघाली असतील, तर सेटचा आग्रह धरायचे कारण नाही. पण आठ-दहा वर्षांच्या गाडीत वयानेच एक फुटले असेल, तर बाकीचीही त्याच उन्हात आणि त्याच रस्त्यावर तेवढीच वर्षे काढलेली असतात. तिथे एक नवे आणि दोन जुनी ठेवली तर नव्यावर जास्त भार येतो आणि काही महिन्यांत पुन्हा मजुरी पडते.

भाग कुठून घ्यायचा, हा प्रश्न मजुरीपेक्षा मोठा आहे. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुठल्याही शहरातल्या स्पेअर पार्टच्या गल्लीत एकाच गाडीचे फाउंडेशन वेगवेगळ्या भावांत मिळते. कंपनीच्या खोक्यातले, कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या नावाचे, आणि ज्यावर धड नावच नाही असे. पहिली दोन घ्यायला हरकत नाही. दुसऱ्यात पुष्कळदा पैसे वाचतात. तिसऱ्यापासून लांब राहावे. फाउंडेशनचे आकारमान कुणालाही उतरवता येते, आतल्या रबराचा मऊपणा आणि लोखंडाला ते भट्टीत चिकटवण्याची प्रक्रिया उतरवता येत नाही. कडक रबराचे नकली फाउंडेशन दिसायला भक्कम असते, आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त थरथरते. कुर्ल्याच्या भंगार बाजारात मोडीत निघालेल्या गाड्यांच्या चांगल्या काचा, दरवाजे, अल्टरनेटर मिळतात; फाउंडेशन तिथून घेऊ नये, कारण जुने रबर पुसून नवे होत नाही. फुटलेल्या फाउंडेशनमध्ये टायरचे तुकडे ठोकून बसवण्याची युक्तीही अशीच. ठक्क आवाज थांबतो, पण इंजिन बॉडीला जखडले जाते आणि थरथर अडवायला काही उरत नाही. रस्त्यात अडकलेली गाडी घरी आणायला ती ठीक आहे, वापरायला नाही. शर्यतीच्या गाड्यांत घालतात ती कडक पॉलियुरेथेनची फाउंडेशन रोजच्या गाडीत घालण्याचा मोहही याच कारणासाठी टाळावा.

हे सगळे नाक्यावरच्या मिस्त्रीला का करता येत नाही, याचे उत्तर दर वेळी त्याच्या कामचुकारपणात शोधणे अन्याय्य आहे. त्याचा हात आणि कान पुष्कळदा अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या माणसापेक्षा तयार असतात. त्याच्याकडे नसतो तो त्या विशिष्ट गाडीचा आवळण्याचा आकडा आणि आवळण्याचा क्रम. तो वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो आणि ते मॅन्युअल बाजारात सहज मिळत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो नेमक्या याच मुद्द्यावर. सुटे भाग, तपासणीची उपकरणे आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजना खुली नसल्याने स्पर्धा मारली जाते आणि त्याचा भुर्दंड ग्राहकाला बसतो, असे आयोगाने म्हटले. दंडाचे प्रकरण पुढे अपिलांत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर मोटारगाड्या हे त्यातले चौथे क्षेत्र आहे. पाऊल योग्य दिशेने आहे, पण कंपनीची हेल्पलाइन आणि सर्व्हिस सेंटरचा पत्ता मिळाला म्हणून मिस्त्रीच्या हातात बोल्टचा आकडा येत नाही.

मोटार कंपन्यांकडे आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक मॉडेलच्या फाउंडेशनचे भाग क्रमांक, रबर किती खाली बसले की बदलायचे त्याचे माप, बोल्ट आवळण्याचे आकडे आणि क्रम, एवढे एक पान मराठीसह भारतीय भाषांत कुणालाही उतरवून घेता येईल असे ठेवावे. यात व्यापारी गुपित काही नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरांनी आपल्या छापील तपासणी यादीत फाउंडेशनची ओळ घालावी आणि तिच्यापुढे नुसती बरोबरची खूण न करता काय पाहिले ते लिहावे. आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या मुलाला टॉर्क पाना माहीत असतो. तो ज्या गॅरेजमध्ये कामाला लागतो तिथे तो पाना असतो का, हे पाहणेही तितकेच गरजेचे आहे. जिल्हा उद्योग केंद्रांच्या आणि बँकांच्या छोट्या कर्जांत गॅरेजच्या हत्यारांसाठी जागा असते. तिचा उपयोग रंगकामाच्या बूथइतकाच या पान्यासाठी व्हावा.

मालकाने करायचे ते याहून सोपे आहे. काम देताना थरथर केव्हा होते, एसी चालू असताना की बंद, उभी असताना की निघताना, हे लिहून द्यावे. भाग बदलला तर जुना भाग मागून घ्यावा आणि उजेडात पाहावा. बिलावर भाग क्रमांक घ्यावा. आणि हजारभर किलोमीटर झाल्यावर गाडी परत नेऊन बोल्ट सैल पडलेले नाहीत ना, हे बघून घ्यावे. नवे रबर सुरुवातीला किंचित बसते आणि तेवढ्यात एखादा बोल्ट ढिला पडलेला असू शकतो.